सांगायला बंदी

मंगळवारी सकाळी साडेदहाला, कपातला चहा अजून वाफाळत असताना, मार्गिटबाईंची मेल आली. एरवी त्या ऐसपैस लिहीत. आधी त्यांच्याकडचा बर्फ, मग मांजराचं दुखणं, मग काम. आज तीन ओळी. खालच्या वाक्याखाली सही हवी आहे, कंपनीची नको, कुलूप ज्यांनी बनवलं त्यांची, म्हणजे तुमची, नावानिशी, आठ दिवसांत. आणि खाली ते वाक्य: 'आमच्या रुग्णांनी सांगितलेलं त्यांच्या डॉक्टरांखेरीज कुणालाही, कधीही वाचता येत नाही, भारत सरकारलाही नाही.' गौरवीने ते दोनदा वाचलं. कप तिने बाजूला सरकवला. समोर चंदगडची ज्योती फोन कानाला लावून कुणाशी तरी इंग्रजीत हसत बोलत होती, पलीकडे कुणीतरी पाव-भाजीची पुडी उघडली होती, पंख्याखाली कॅलेंडर फडफडत होतं. सगळं कालच्यासारखंच होतं, आणि एका वाक्याने ते सगळं परकं करून टाकलं होतं. सहा वर्षं हेच वाक्य ती तोंडी सांगत आली होती. पहिल्याच बैठकीत मार्गिटबाईंनी विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला तरी उघडता येतं का? ती म्हणाली होती, नाही, मी किल्लीच ठेवलेली नाही. बाई मोठ्याने हसल्या होत्या, आणि त्या हसण्यावर पेडण्यातल्या तुये वसाहतीतल्या या पहिल्या मजल्यावर एकेचाळीस माणसांचं जेवण उभं राहिलं होतं. दूर उत्तरेकडच्या थंड देशातले मानसोपचाराचे बावीस दवाखाने, आणि मार्गिटबाई त्यांच्या प्रमुख डॉक्टर. तिथे कुणी सांगायचं की मला जगायचं नाही, कुणी मूल सांगायचं की मला बाबांची भीती वाटते, आणि डॉक्टर ते संगणकावर लिहून गौरवीने बनवलेल्या या सांकेतिक कुलपात ठेवायचे. गौरवीने त्यातलं एक अक्षर कधी वाचलं नव्हतं. वाचता येणार नाही असंच तिने ते बनवलं होतं. हीच तिची कारागिरी, हाच तिचा तोरा.

आणि गेल्या गणेश चवथीनंतर तिने, आपल्याच हातांनी, नऊ दिवस बसून, त्या कुलपाची दुसरी किल्ली बनवली होती.

नेवऱ्यांचे, सणाच्या करंज्यांचे, डबे अजून ऑफिसात फिरत होते तेव्हाची गोष्ट. वरून, सरकारकडून, दोन माणसं आली. एक नुसताच उभा राहणारा, दुसरा चष्मेवाला, फार सभ्य. त्याने नेवरी मागून घेतली, खाल्ली, हात रुमालाला पुसले आणि मग कागद काढला. दत्तप्रसाद, म्हणजे कंपनीचे मालक दत्तबाब, तो कागद वाचताना हळूहळू खुर्चीत खाली सरकत गेले, ते तिला अजून दिसतं. कागदाचा अर्थ एवढाच, की कुलपाची एक किल्ली सरकारकडे राहील, सर्व्हरच्या खोलीत सरकारचा एक खोका बसेल, आणि यातलं काहीही कुणालाही सांगितलं तर तुरुंग. नवऱ्यालाही नाही. आईलाही नाही. गौरवीने विचारलं होतं, "तुम्हाला कुणाचं हवंय? नाव सांगा. तेवढंच कसं देता येईल ते बघते." चष्मेवाला हिंदीत म्हणाला, "नाव सांगता येत नाही, मॅडम." "मग गुन्हा काय ते सांगा." "तेही सांगता येत नाही." "आमच्याकडे बहुतेक सगळे परदेशातले रुग्ण आहेत. इथले म्हणाल तर चार-दोन वकील, दोन डॉक्टर. एका माणसासाठी तुम्ही सगळ्यांचं दार काढून नेताय." तो हसला. रागाने नाही, कीव केल्यासारखा. "दार कोण नेतंय? दार तिथेच राहील. कुणाला कळणारसुद्धा नाही." हे शेवटचं वाक्य त्याने दिलासा म्हणून सांगितलं होतं. पुढे सात महिने ते तिच्या हाडात राहिलं. फोनवर बोलताना ती आवाज खाली आणू लागली. प्रज्योतला, मुरगाव बंदरात कामाला असलेल्या नवऱ्याला, 'शनिवारी ये, माशांची आमटी करते' एवढा निरोप लिहितानाही तिसरं कुणी वाचत असेल असं वाटून ती 'माशांची' हा शब्द खोडून पुन्हा लिहायची. का, तिलाच कळत नसे. लाजण्यासारखं काही नव्हतं. पण न्हाणीघराच्या दाराला फट असल्याचं एकदा कळल्यावर माणूस अंगभर कपड्यांतही अवघडतो, तसं.

दुपारी दत्तबाबांनी तिला आत बोलावलं. टेबलावर ते वाक्य छापून तयार होतं, खाली तिचं नाव, नावावर रिकामी रेघ. दत्तबाब मूळचे डिचोलीचे. वडिलांच्या वेळेपासून त्यांचे चार ट्रक खाणीतून जेटीवर माल ओढायचे. मग वरून एक आदेश आला आणि खाणी बंद. चारही ट्रक ताडपत्रीखाली उभे राहिले, चाकांतून गवत वर आलं, आणि शेवटी भंगारात गेले. त्यातून उरलेल्यावर या माणसाने पन्नाशीत, इंग्रजीचे धडे घेत, ही कंपनी उभी केली. 'मातयेतलो धंदो सरकार बंद करता, हवेतलो कोण बंद करतलो?' असं ते हसून सांगायचे. आता ते हसत नव्हते.

"कर सही, बाय."

"दत्तबाब, हे खोटं आहे."

"माका म्हायत नाय? पण खऱ्याक सांगूक बंदी, आणि खोट्याक नाय. मगे माणसान करूचा काय?"

"गप्प बसायचं."

"गप्प बसलंव तर तां कळतलाच तिका. एकेचाळीस घरां आसत या रेघेवर, गौरवी. त्या ज्योतीचो भाव कॉलेजात आसा. मी त्या दिवशी नाय म्हणूक होया होता. पण म्हणाक नाय. आदेशाक कान नसतत गो, ता मी खाणीच्या वखतार शिकलंय." ते कागदाची कड सरळ करत राहिले. "तू तरी काय केलंस? किल्ली तुवेंच बनवलंस मगो?"

हे त्यांनी टोचायला म्हटलं नव्हतं, तरी ते जिथे लागायचं तिथे लागलं. खरंच होतं. त्या नऊ दिवसांत ती रडली नव्हती, ओरडली नव्हती. काम चांगलं केलं होतं. इतकं चांगलं, की ज्योतीने तपासलं तरी तिला काही सापडलं नाही. उलट एका संध्याकाळी काम जमलं तेव्हा क्षणभर, एक क्षणच, तिला कारागिराचा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला जितकी किळस आली तितकी चष्मेवाल्याचीही आली नव्हती. "विचार करून सांगते," ती म्हणाली आणि कागद घेऊन बाहेर पडली.

तुयेहून कोरगावच्या घराकडचा रस्ता तिला डोळे मिटून पाठ. स्कूटर आपोआप वळत होती. दोन्ही बाजूंनी काजूच्या बागा, पिकल्या बोंडांचा तो गोड, आंबूस, डोक्यात जाणारा वास. संताप असा असतो हे तिला नव्याने कळत होतं. भडका वगैरे नाही, बोंडांच्या राशीसारखा आतल्या आत फसफसणारा. त्यांनी काय नेलं? काहीच नाही. एक खुर्ची नाही, एक कागद नाही. उद्या कुणी तिला म्हणालं, तुझं नुकसान दाखव, तर ती काय दाखवणार? चोरी झाली असती तर पंचनामा झाला असता, वीज पडली असती तर तलाठी आला असता. तिच्याकडून जे गेलं होतं ते एका परक्या बाईचं मोठ्याने हसणं होतं, आणि त्या हसण्यावरच सगळा धंदा चालला होता. कुलूप विकणाऱ्याकडे दुसरं असतं तरी काय? लोखंड नाही, सोनं नाही. 'माझ्याकडे किल्ली नाही' हा शब्द. तो शब्द सरकारने तिच्या तोंडातून काढून घेतला होता, आणि वर बजावलं होतं की तोंड हसरं ठेव.

आई, देवकीबाई, सोप्यावर काजूच्या बिया निवडत बसली होती. गौरवी तिच्यापाशी पायरीवर बसली आणि हात आपोआप बियांत गेले. आईचा कधीकाळी तिठ्यावर फोनचा बूथ होता. गौरवी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिला आठवते ती पिवळ्या अक्षरांची पाटी, काचेचं दार, आत एक स्टूल. गावातल्या बायका दुबईला, बोटीवर, कुवेतला नवऱ्यांना फोन करायच्या, आणि त्या आत गेल्या की आई रेडिओ मोठा करून भिंतीकडे तोंड करायची. बायलमाणूस घोवाकडे काय बोलता ता आपण ऐकूचा नसता, हे तिने मुलीला एकदाच सांगितलं होतं. मग दुबईतल्या भिकाजीचं नाव कसल्याशा सोन्याच्या भानगडीत आलं, आणि एक हवालदार कागद घेऊन येऊन बूथमध्ये बसला. अकरा दिवस. खुंटीला त्याची टोपी. आई त्याला चहा नेऊन द्यायची. बायका दारापर्यंत यायच्या, टोपी बघायच्या, 'फाल्यां येतंय', उद्या येते, म्हणून वळायच्या. एकीच्या कडेवर तापाने फणफणलेलं मूल होतं, तीही वळली. पुढच्या मे महिन्यात बूथ बंद झाला. घरात त्यावर कधी कुणी बोललं नाही.

"आये," गौरवीने विचारलं, "त्या हवालदाराक तू 'नाय' कित्या म्हणाक नाय?"

आईने वर पाहिलं नाही. "खंयच्या?"

"बूथातल्या."

"आज कसो आठवलो तो तुका?" तिने बियांची रास परतली. "कागद होतो गो त्याच्याकडे. आणि तुझो बापूस म्हणालो, अकरा-बारा दिवसांचो प्रश्न, मगे जातलो. गेलो तो. भिकाजीचा काय सापडाक नाय त्याका. मगे मी घराघरांत फिरलंय. म्हटलंय, येवा आता, कोण नाय बसाक. सगळ्यो 'व्हय गो, येतंव' म्हणाल्यो. चाय दिली. पण येवंक नाय कोण. हरमलाक जायत, बस धरून, पण माझ्याकडे नाय."

"तुझी काय चूक?"

"चूक नाय. पण तेंची तरी काय?" देवकीबाईने एक किडकी बी अंगणात भिरकावली. "आणि एक सांगू? माझो हवालदार बरो म्हणूचो. त्याची टोपी दिसताली. बायलांका बघून परत तरी जावंक मेळला. दिसाक नसतो तर? त्यो बोलत रवल्यो असत्यो, आणि मी आपला रेडिओ लावून भितीकडे बघत रवलंय असतंय."

गौरवीच्या हातातल्या बिया तशाच राहिल्या. आईला यातलं काही माहीत नव्हतं, कळूही द्यायचं नव्हतं. ती उठून आत गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि पर्समधला तो कागद काढून चार तुकडे केले. मग आठ केले. तरी हात थांबेनात.

आठवा दिवस येण्याआधीच मार्गिटबाईंनी पडद्यावर बोलावलं. दत्तबाब येऊन दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत.

"तुम्ही सही पाठवली नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाही."

"का, ते सांगाल?"

"सांगता येणार नाही."

"सांगता येणार नाही, की सांगायचं नाही?"

या प्रश्नाचं उत्तर देणं हाही गुन्हाच होता. पंख्याची घरघर तिकडे त्या थंड देशातही ऐकू जात असेल असं तिला वाटलं. तिने नुसतं कॅमेऱ्याच्या त्या काळ्या ठिपक्याकडे बघितलं, सरळ, पापणी न हलवता. मार्गिटबाईंनी चष्मा काढला. त्याशिवाय त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

"माझ्याकडे एक मुलगी येते," त्या हळू म्हणाल्या. "सोळा वर्षांची. सात महिने काही बोलतच नव्हती. हिवाळ्यात मी तिला वचन दिलं की इथे सांगशील ते इथेच राहील. मग ती बोलली. मी ते वचन तुमच्या भरवशावर दिलं होतं, गौरवी."

हिवाळ्यात. म्हणजे खोका बसल्यानंतर. खोकेवाले त्या मुलीचा शब्द न् शब्द वाचत होते असंही नाही. वाचत नसतीलच, कुणाला वेळ आहे? तरी कधीही वाचू शकत होते, आणि तेवढ्यानेच एका पोरीचं कुजबुजणं चव्हाट्यावर आलं होतं. आणि तिला ते माहीत नव्हतं.

"तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, त्याबद्दल आभार," बाई म्हणाल्या. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत गौरवीला दारातले दत्तबाब दिसले, कपाळाला हात लावलेले.

महिन्याभरात बावीसच्या बावीस दवाखाने गेले. त्यांचं ऐकून दुसरी दोन परदेशी गिऱ्हाइकंही गेली, कारण न देता, फार सौजन्याने. दत्तबाबांनी एकदाही आवाज चढवला नाही, उलट कंपनीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना शिरा आणि उसळ-पाव घातला. ज्योतीने टेबल पुसून स्वच्छ केलं, आपली छोटी देवीची तसबीर पिशवीत घातली आणि गौरवीसमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, एक इचारू? माझ्या टेस्टिंगमधे काय राहून गेलं हुतं काय? रात्रंदिवस डोक्यात त्येच फिरतंय."

"नाही ज्योती. तुझं काही नाही."

"मग तुमचं?"

"माझंही नाही."

"मग असं कसं मॅडम? काय तरी चुकल्याबिगार कोण सोडून जातंय?" तिच्या डोळ्यांत राग नव्हता. बिचारी मनापासून चूक शोधत होती, जिथे ती नव्हती तिथे. आणि गौरवी, जी तिला एका वाक्यात मोकळं करू शकली असती, तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. प्रज्योतनेही शनिवारी आल्यावर हेच विचारलं, जपून: "तुझ्या कुलपात काय खोट निघाली?" ती भात कालवत राहिली, तेव्हा त्याने समजूत घातली की होतं असं, मोठमोठ्यांचं होतं, परत उभं करता येईल. त्या समजुतीने तिला ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं. जगात सगळ्यात उत्तम केलेलं काम तिच्या नावावर खोट म्हणून चिकटलं होतं, आणि ज्यांनी ती खोट घातली ते कुठल्या तरी गार खोलीत दुसऱ्या कुणाची नेवरी खात असतील. ज्या एका माणसासाठी हे केलं तो सापडला की नाही, असा कुणी होता तरी की नाही, तेही कधी कळणार नव्हतं. भिकाजीचं निदान नाव तरी ठाऊक होतं.

मग आमंत्रण आलं. डिचोलीच्या एका सभागृहात बैठक: 'परदेशी कामे गोव्यात का टिकत नाहीत? उद्योजकांच्या अडचणी व सूचना.' दत्तबाब म्हणाले, "आपण जावंया. ना तर म्हणतले, आमका कोणें सांगूकच नाय." दोघं तिसऱ्या रांगेत बसली. पन्नासेक माणसं होती, वेर्ण्यापासून पेडण्यापर्यंतची. मंचावर एक अधिकारी, मनापासून ऐकणारा, तरुण, मान डोलावणारा. तो वाईट माणूस नव्हता, आणि त्याचाही गौरवीला राग आला. बाजूला एक कारकून बाई छापील तक्ता भरत होती: वीज, रस्ते, इंटरनेट, कुशल माणसं, इतर. कुणी उठून विजेबद्दल बोललं, कुणी खड्ड्यांबद्दल. अधिकारी म्हणत होता, लिहा, लिहा. ध्वनिक्षेपक गौरवीपाशी आला. दत्तबाबांनी तिच्या कोपराला हळूच हात लावला, थांब म्हणून की बोल म्हणून, तिला कळलं नाही.

"आमची कंपनी बंद झाली," ती म्हणाली. "एकेचाळीस माणसं घरी गेली."

"फार वाईट. अडचण काय होती? वीज?"

"वीज ठीक होती. रस्ताही. इंटरनेट चांगलं. माणसं तर उत्तम होती. एका टेबलावरची मुलगी अजून आपली चूक शोधतेय."

"मग नेमकी अडचण सांगा ना, मॅडम. त्यासाठीच तर आहोत आम्ही इथे."

"सांगायला बंदी आहे."

तो हसला, विनोद समजून. मग हसायचा थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे एवढंच. आमचा शब्द विकला जायचा, तो आता विकत नाही. का, ते सांगायला बंदी आहे. कुणी घातली, ते सांगायलाही. तुम्ही विचारताय, मी इथे उभी आहे, मला उत्तर माहीत आहे, आणि मला ते देता येत नाही. हे तुमच्या तक्त्यात कुठे बसतं ते बघा." आवाज चढला होता. सात महिने आणि वर दोन महिने खाली ठेवलेला आवाज. तो सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला, आणि तिचा तिलाच नवा वाटला. थरथर होती त्यात, पण ती भीतीची नव्हती.

कारकून बाईने विचारलं, "साहेब, काय लिहू?"

अधिकाऱ्याने तक्ता आपल्याकडे ओढून पाहिला. "लिहा," तो म्हणाला, "इतर."

गौरवी खाली बसली. पुढच्या माणसाकडे ध्वनिक्षेपक जायचा होता, तेवढ्यात मागे कुठेतरी खुर्ची सरकली. वेर्ण्याचा एक जाडसर गृहस्थ उभा राहिला होता. त्याला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. "माझंही 'इतर'मध्येच घाला," तो म्हणाला. "तपशील विचारू नका." पलीकडे पांढऱ्या केसांची एक बाई उठली, तिने नुसता हात वर केला. मग भिंतीपाशी एक जण. मग दोघं एकदम. गौरवीच्या शेजारची खुर्ची करकरली. दत्तबाब गुडघ्यांवर हात टेकत, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणा सरकारी माणसासमोर, सावकाश उभे राहत होते.

"एकेकाने बोला," अधिकारी मंचावरून म्हणाला. "कृपा करून एकेकाने बोला."

पण बोलत कुणीच नव्हतं. सगळे नुसते उभे होते.